दहाव्या दारचा नकार

प्रिय अर्धांगिनीस,

सप्रेम नमस्कार आणि एक गंभीर तक्रार. या खोलीतली उशी ही उशी नसून शिला आहे. मान अशी ताठ झाली आहे की गिऱ्हाईक मला स्वाभिमानी समजतं.

पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकायचं, तर दारोदारी गढूळ पाणी त्यातून काढून एक ग्लास स्वतः पिऊन दाखवायचं, हा आमच्या कंपनीचा विधी. आज नऊ घरी नऊ ग्लास प्यायलो आणि नऊ नकार पचवले. नवव्या घरच्या आजी म्हणाल्या, "अहो, तहानच लागली होती तर तसं सांगायचं!" साहेब म्हणतात, चिकाटी सोडू नका. त्यांचं काय जातं, ते चहा पितात.

तुझा गुडघा कसा आहे? धाकटी अभ्यास करते, की नुसतीच पुस्तकापुढे बसते?

माझी काळजी नसावी, असं लिहिणार होतो. पण दहाव्या घरी बाईंनी दार उघडताच मीच म्हणालो, "तुम्हाला नकोच असेल ना?"

"अहो, काय आहे ते दाखवा तरी!" त्या म्हणाल्या. तोवर मी जिना उतरू लागलो होतो, आणि परत वर गेलो नाही.

लोकांच्या नकाराची सवय आहे गं मला. आता तो मीच देऊ लागलोय, याची भीती वाटते.

तुझाच,
मी