आतलं प्रेशर

मंगळवार, सांजचं, दवाखान्यात

ह्यांच्या किडनीतला खडा निम्माच फुटला. डॉक्टर म्हणले, "आतलं प्रेशर वाढलं, म्हणून थांबलो." मला वाटलं, बीपी. मी ह्यांच्यावरच उखडले, "टेन्शन घिऊ नगासा म्हणलं हुतं की!" हे म्हणले, "अगं, मला भूल दिलती. झोपेत कसलं टेन्शन?"

मग नर्सनं समजावलं. खडा फोडताना आत पाणी सोडत्यात. ते तुंबलं की किडनीवर ताण येतो, घाण रक्तात जाती.

आता ह्यांना हुडहुडी भरलीया. सुई दिलीया, वाट बघा म्हणत्यात. किती बघू? वर्षभर तांब्या घिऊन मागं लागले, पाणी प्या, खडा पडंल. आणि पाण्यानंच घात केला व्हय? आत्ता ह्यांनी पाणी मागितलं. नर्स म्हणती, पाजा. तांब्या हातात हाय, पर हात पुढं जाईना.