पंपाची पाती

व्हिएन्ना, बुधवार

प्रिय बाबा,

मी धडधाकट आहे, हे आधी वाचा, मग पुढचं.

सोमवारी प्रयोगशाळेतला, यंत्रातली हवा उपसून काढणारा पंप फुटला. पाती पूर्ण थांबायच्या आत माझा सहकारी गेर्नोट याने झडप उघडली. हवा आत घुसली, पाती तुटली आणि कवच फाडून त्याच्या मांडीत शिरली. मी कमरेच्या पट्ट्याने त्याचा पाय आवळला. तो ओरडत होता, "पडद्यावर पट्टे आलेत का बघ आधी!"

"गप पड, गाढवा," मी म्हटलं.

तुम्ही डुक्कर एका घावात पाडता, तसा आमचा लेसर प्रथिनाचा रेणू थाळीवरून उडवतो. फटका जरा लांबला, की रेणूच्या चिंधड्या होतात. सबंध सुटला, तरच तो लाटेसारखा पसरतो आणि पट्टे उमटतात.

पट्टे उमटले होते. आज इस्पितळात जाऊन त्याला सांगितलं. पाय काल कापावा लागला.

"म्हणजे रेणू सबंध सुटला?"

"हो."

"चला, दोघांपैकी एक तरी सबंध सुटला," म्हणून तो हसला. मला हसता आलं नाही.

आईचा खोकला कसा आहे? तिला पंप बिघडला एवढंच सांगा. नवा आला की झडप मी सांभाळणार आहे, हे सांगू नका.

तुमची,
रोझविता