इहीनबाईचा वाढीव मुक्काम

॥ श्री गणेश ॥

केळझर,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

श्रीमती शोभाबाई इहीनबाई यांसी मनकर्णाबाईचा सा. न. वि. वि.

तर सगळ्यात आधी आली ती आनंदाबाई. माझे हात शेणाचे, अंगण अर्धं सारवलेलं, अन् तिनं फाटकातूनच विचारलं की तुझी इहीन म्हणे आता कॅनडातच राहून राह्यली. तिच्या मागं आमची जाऊ जया. ती तर रडक्या तोंडानंच आली, जसं काही वाईट झालं. मी दोघींनाही सांगितलं की मले सगळं माहीत आहे. काय माहीत होतं, कपाळ? माझ्या पोराच्या, आदेशच्या घरची बातमी साऱ्या केळझरले कळते अन् मले शेवटी.

ठरलं काय होतं बाई? पहिलं बाळंतपण, म्हणून मार्चात सुनेजवळ, वर्षालीजवळ, तिच्या आईनं, म्हणजे तुम्ही जायचं. तिथलं सरकार पाहुण्याले सहा महिने देते, ते अठरा सप्टेंबरले सरले की तुम्ही हिंगणघाटले अन् मी तिकडं. गणूची उष्टावण माझ्या हातानं. मी चांदीचा चमचा घासून ठेवला. गणेशाले नवस मी बोलली होती, तुम्ही नाही. पायऱ्या मी चढली, गुडघे माझे गेले, अन् लेकरू मांडीवर तुमच्या!

आता म्हणाल, पत्र काऊन लिहिलं, फोन आहे ना. फोन लावला की तुम्ही लेकरू समोर धरता. ते दात नसलेलं तोंड उघडून हासते, अन् मी भांडायचं विसरून जाते. म्हणून वहीत लिहून राह्यली. हे फोटो काढून पाठवतील. त्याईचा अंगठा फोटोत आला तर तेवढं समजून घेजा, लग्नापासून तो मधातच येते.

अन् एक. परवाच्या फोटोत डोंगरापुढं तुम्ही लाल कोट घालून उभ्या होत्या. तो कोट आदेशनं माझ्यासाठी घेतलता. मले मापही विचारलं होतं. दिसला बरा तुमच्यावर. बटण जरा ताणलं होतं.

माझं शिक्षण तिसरी, चुकलं तर हासजा. लोभ असू द्या, पण नातवाचा थोडा माझ्यासाठीही उरवा.

तुमची,
मनकर्णाबाई

~

कॅल्गरी,
शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

सौ. मनकर्णाबाई इहीनबाई यांना शोभाबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्या पानावर वासुदेवरावांचा अंगठा फार छान आला आहे, नखसुद्धा कापलेलं दिसतं.

रागावू नका. आदेशराव तुम्हाला रविवारी सांगणारच होते, आनंदाबाईंनी त्यांच्या आधीच तुम्हाला गाठलं. वर्षालीची रजा सप्टेंबरात संपते आणि पाळणाघरात जागा मिळते फेब्रुवारीत. मधले महिने ओजसला कोण पाहणार? तुम्ही येणार होता, पण तुमचा पासपोर्ट अजून आला नाही. जूनमध्ये येतो, असं तुम्हीच म्हणाला होतात. का अडला, ते आदेशरावांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तुम्ही त्यांना मिरच्या वाळत घातल्याचं सांगितलं. म्हणून माझी मुदत वाढवून मागायची, जानेवारीपर्यंत. मला हौस नाही हो. इथे बोलायला भिंती, आणि भिंतीही लाकडाच्या.

आता मुद्द्याचं. मुदत संपायच्या महिनाभर आधी अर्ज गेला पाहिजे. कारण लिहायचं, खर्च कोण करणार ते लिहायचं, आणि पाहुणी शेवटी आपल्या घरी नक्की परत जाणार याचा पुरावा द्यायचा. माझं घर, घरपट्टीची पावती, सगळं जोडलं. पण आदेशराव म्हणतात, मला चांगलं ओळखणाऱ्या तिकडच्या माणसाचं पत्र असलं तर बरं: या बाईचं इकडे काय काय आहे आणि ती का परत येईल. माझ्या मागे हिंगणघाटात कोण आहे? हे गेल्याला सहा वर्षं झाली. वर्षाली एकुलती, ती इथे. तेव्हा तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

मला माहीत आहे मी काय मागते आहे. नाही म्हणालात तरी मी समजेन.

कोटाचं: डोंगरावर थंडी होती, वर्षालीनं अंगावर टाकला. बटण माझ्या पोटाला ताणलं, म्हणजे माप तुमचंच आहे. आता कपाटात आहे.

ओजसला पालथं पडता येतं. तुम्हा दोघांचा जीव आमच्यावर असाच राहो.

आपली,
शोभाबाई

~

॥ श्री गणेश ॥

केळझर,
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

शोभाबाई इहीनबाई यांसी, मनकर्णाबाईचा नमस्कार.

त्याचं नाव गणू आहे. ओजस कागदावर.

तुमचं पत्र आलं अन् दोन दिस मी जेवली नाही. म्हणजे जेवली, पण बोलली नाही. म्हणजे पाहा, तुम्ही आणखी चार महिने माझ्या नातवाजवळ बसाव्या यासाठी अर्जी मी द्यायची! लेकरू आज तुमच्या खांद्यावर झोपते, उद्या तुम्हालेच आजी म्हणन, अन् मी जाईन तेव्हा माझ्याकडं पाहून रडन. हे मी स्वतःच्या अक्षरानं लिहून देऊ?

मंगळवारी मी बसनं हिंगणघाटले गेली. म्हटलं, पाहू तर खरं, या बाईचं इकडं काय आहे. तुमच्या शेजारीण पौर्णिमाबाईनं कुलूप उघडलं. मी सारं घर फिरली. बरं वाटलं अन् बरं नाही वाटलं. तुमची शिलाई मशीन चादरीखाली निजलेली. खुंटीवर तुमच्या ह्याईची छत्री अजून तशीच. तुळशीले पौर्णिमाबाई पाणी घालते, पण तुळस तिले मानत नाही, एका अंगानं वाळली. अन् सयपाकघरात, मोरीजवळ, माझा गंज! पोराच्या लग्नात नेलेला, शंभर माणसाचं वरण शिजते तो. पाच वर्षं मी शोधून राह्यली, अन् तुम्ही त्यात गहू भरून ठेवले!

घरी आली अन् रागात लिहून काढलं. सोबत जोडलं आहे. जसं आलं तसं आहे, नसन चालत तर फाडजा. पण नंतर मले सांगू नका की मनकर्णानं आडकाठी घातली.

मनकर्णाबाई

(सोबतचं पत्र)

कॅनडाच्या मोठ्या साहेबांस,

मी मनकर्णा वासुदेव, राहणार केळझर, तालुका सेलू, जिल्हा वर्धा. शोभाबाई माझी इहीन आहे. ती तुमच्या देशात राहून जाईल असं तुम्हाले वाटते का? साहेब, ती राहूच शकत नाही. तिच्याकडं माझा गंज आहे. तो दिल्याशिवाय मी तिले कुठंच राहू देणार नाही. तिची तुळस वाळून राह्यली. हिंगणघाटच्या भजनी मंडळात पेटी तीच वाजवते, तिच्यामागं मंडळ बंद पडलं आहे, बाया तिच्या जावयाची माय म्हणून मले दोष देतात. नवऱ्याच्या छत्रीले तिनं सहा वर्षात कोणाले हात लावू दिला नाही, ती छत्री सोडून ती तुमच्या बर्फात काऊन बसन? अन् मुख्य म्हणजे तिथली जागा माझी आहे. लेकराच्या बापाची आई मी आहे. ही बाई उठल्याशिवाय मले बसता येत नाही, म्हणून ती वेळेवर उठते की नाही यावर माझा डोळा आहे. तुमच्या पोलिसाहून जास्त आहे. जानेवारीवर एक दिवस ती राह्यली तर मले कळवा, मी तिले आणाले येते.

तोवर राहू द्या. लेकरू लहान आहे, त्याले आजी पायजे. कोणतीही.

आपली,
मनकर्णाबाई

~

कॅल्गरी,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

सौ. मनकर्णाबाईंना शोभाबाईचा कृतानेक नमस्कार.

अर्ज काल गेला. आज तारीख सतरा, म्हणजे अगदी काठावर. तुमचं पत्र आदेशरावांनी वाचलं आणि डोक्याला हात लावला. त्यांचं म्हणणं, हे पुरावा नाही, तक्रार आहे. वकिलाकडून नीट दोन ओळी लिहून आणू. मी पहिल्यांदाच जावयासमोर आवाज चढवला. म्हटलं, यातलं एक अक्षर बदलायचं नाही, यात खोटं काहीच नाही. मग त्यांनी रात्री जागून भाषांतर केलं. गंज या शब्दाशी अडले होते. शेवटी पौर्णिमाबाईंकडून फोटो मागवून जोडला.

छत्रीचं तुम्ही लिहिलंत. मी ते कधी कोणाला बोलले नव्हते. तुम्हाला एका खेपेत दिसलं.

आता माझंही ऐका. तुम्हाला वाटतं मी इथे राज्य करते. तुमचा मुलगा रोज जेवताना म्हणतो, आईची सांबारवडी अशी नसते. कोथिंबीर निवडून मी चार वेळा केली. चौथ्या वेळी माझ्या पोटच्या मुलीनंही तेच म्हटलं! आणि लेकराचा चेहरा? कपाळ तुमचं, भुवया तुमच्या, रुसणं तर पूर्ण तुमचं. दिवसभर मी त्याला सांभाळते आणि ते माझ्याकडे तुमच्या डोळ्यांनी बघतं. मला हेवा वाटत नसेल का?

उत्तर येईपर्यंत इथे राहता येतं म्हणतात. तुमच्या मायेत आमचा वाटा ठेवावा, ही मागणी.

शोभाबाई

~

॥ श्री गणेश ॥

केळझर,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

शोभाबाई यांसी मनकर्णाबाईचा नमस्कार, अन् गणूचे गालगुच्चे.

तुमचं मागचं पत्र उशीखाली होतं, त्यामुळं उत्तराले वेळ झाला. घरात दिवाळीचा चुना चालू आहे. आज लिहाले बसली कारण एक गोष्ट पोटात दुखून राह्यली. ती आदेशले सांगू नका.

माझा पासपोर्ट कोणामुळं नाही अडला. माझ्यामुळं अडला. मे महिन्यात पोलीस ठाण्यातून चौकशीले माणूस आला. आनंदाबाई, जया, सगळ्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यानं वय विचारलं. कागदात माझं बासष्ट आहे. पण लग्नात मी साऱ्या मांडवाले सांगितलं होतं की इहीन माझ्याहून मोठी आहे. तुम्ही साठ. आता ह्या बायांपुढं बासष्ट कसं म्हणू? मी अठ्ठावन सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा अठ्ठावन! त्यानं तेच लिहून नेलं, अन् वय जुळत नाही म्हणून फाईल तिथंच थांबली. बिचाऱ्याचा काय दोष.

म्हणजे तुम्ही माझी जागा धरली नाही. मीच ती सोडली, तीही चार वर्षं लहान दिसाले. आता शाळेचा दाखला घेऊन मी ठाण्यात गेली, बासष्ट म्हणून कबूल केलं. तिथं कोणी हासलं नाही. पासपोर्ट महिन्याभरात येईल म्हणतात.

पण उष्टावण वीस तारखेले. ती गेली हातची. चमचा मी परत गुंडाळून ठेवला. तुम्हीच भरवा. मनापासून लिहून राह्यली, अर्ध्या मनापासून तरी.

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. दोन वर्षानं मोठी, आता लपवून काय.

मनकर्णाबाई

~

कॅल्गरी,
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

ती. मनकर्णाताईंच्या चरणी शोभाबाईचा नमस्कार.

ताईच लिहिते, आता तुम्हीच मोठेपण कबूल केलंत. पत्र वाचून मी इतकी हसले की ओजस घाबरला. आदेशरावांना काही सांगितलं नाही. त्यांना आधीच माहीत होतं. वासुदेवरावांनी जूनमध्येच सांगितलं, पण आईला कळू देऊ नका म्हणाले. गेले चार महिने बापलेक तुमचं वय राखत आहेत.

मुदत मिळाली. गुरुवारी उत्तर आलं, एकतीस जानेवारीपर्यंत. कशानं मिळाली ते कोणी सांगत नाही. आदेशराव म्हणतात, जिच्या घरी अशी इहीन वाट पाहते ती बाई परत जाणार, यात साहेबाला शंका उरली नसेल.

आणि उष्टावण झाली. मी भरवलं नाही. वर्षालीनं चमचा माझ्या हातात दिला होता. पण दोन आज्यांतली एक नसताना दुसरीनं चमचा धरायचा नाही, असं मी ठरवलं. आदेशरावांनी भरवलं. खीर ओजसनं त्यांच्याच सदऱ्यावर काढली.

मग मी हळूच गणू म्हणून हाक मारली, तुम्ही फोनवर मारता तशी. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. वळून टेबलावरच्या फोनकडे बघत राहिला. ताई, मला जरा लागलं. पण सांगितल्यावाचून राहवेना.

आता ऐका. संक्रांतीला त्याचं बोरन्हाण. इथल्या बायका म्हणाल्या, इथेच करू. मी नाही म्हटलं, ते केळझरच्या अंगणात. तिकिटं काढली. आम्ही चौघं येतो. फेब्रुवारीत ते तिघं परतताना तुम्ही त्यांच्यासोबत. तुमचा पासपोर्ट आला की आदेशराव तुमचा व्हिसा पाहतील, आणि साहेबानं पुरावा मागितला तर या वेळी पत्र मी लिहीन. कोट बॅगेत सगळ्यात वर ठेवला आहे. बटण मी घट्ट शिवलं.

आमच्यावरचा राग थोडा शिल्लक असू द्यावा, त्याशिवाय करमत नाही.

धाकटी,
शोभाबाई

~

॥ श्री गणेश ॥

केळझर,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

शोभाबाईस मनकर्णाबाईचा आशीर्वाद.

फोनकडं पाहिलं त्यानं? खरंच पाहिलं? मी आनंदाबाईले तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणते लेकरं उजेडाकडं पाहतात. तिले काय समजते, तिची नातवंडं नागपुरात.

उष्टावणीचं वाचलं अन् माजघरात जाऊन बसली. ह्यांनी कांदा कापते का विचारलं, मी हो म्हटलं.

काळं झबलं शिवाले टाकलं. शेताच्या धुऱ्यावरच्या बोरी लदबदल्या, अजून हिरव्या आहेत. तुमच्या तुळशीची फांदी मी मागल्या महिन्यात आणून लावली, तिले इथं फुटवा आला. तुळसही मलेच मानते, काय करता! गंज परत आणू नका. गव्हासकट राहू द्या, मी येईन न्याले, तेवढंच हिंगणघाटले येणं होईल.

बोरन्हाणाले दोन पाट मांडीन. एकावर तुम्ही, एकावर मी, अन् गणू मधात सोडू. नऊ महिन्याचं लेकरू रांगते. ज्याच्याकडं जाईल त्याच्याकडं. तुमच्याकडं गेलं तर मी रुसणार नाही, हे पायजे तर लिहून देते. नको, लिहून नाही देत.

नव्या चुन्यावर चुलीजवळ कोळशानं तुमचं विमान लिहून ठेवलं, ह्यांनी बोंब मारली तरी पुसलं नाही: सोमवार, १२ जानेवारी, नागपूर, दुपारी अडीच.

मनकर्णाबाई