आधीच्याचं उष्टं

१९ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल, बाबाही. तपासणीसाठी हृदयाचा बारीकसा कण काढला तेवढे दोन दिवस गप्प होते. आता भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुर सुरू झालीय, म्हणजे बरे आहेत असं धरून चाल.

तू विणलेला स्वेटर प्रयोगशाळेत घालायला मॅडमनी मला बंदी केली. आमचं यंत्र प्रथिनांचे तुकडे वजनावरून ओळखतं, आणि परवा एका पेशंटच्या नमुन्यात त्याला चक्क मेंढी सापडली! तुझ्या लोकरीचा धागा पडला असणार. सगळे मला मेंढपाळ म्हणतात.

हाताच्या मुंग्या कशा आहेत? पायालाही येतात म्हणाली होतीस. विणून विणून येतात म्हणतेस, पण पायाने कोण विणतं गं?

बाबांचा नमुना आमच्याकडेच आला. मी त्याला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. राहवलं नाही, मीच यंत्रावर लावला. आणि घाईत नवख्यानेही करू नये अशी चूक केली. दोन नमुन्यांच्या मध्ये कोरा द्रव सोडून यंत्र धुवायचं असतं, नाहीतर आधीच्या माणसाचं थोडं पुढच्यात उतरतं. आम्ही त्याला उष्टं म्हणतो. मी धुतलंच नाही. बाबांच्या हृदयात साचलेल्या प्रथिनाचा एक तुकडा असायला हवा त्यापेक्षा जड निघाला. आधीच्या पेशंटमध्येही नेमका तसाच होता.

मॅडम एरवी ओरडत नाहीत, आज ओरडल्या. यंत्र धुवून त्यांनी स्वतः नमुना पुन्हा लावलाय. मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. जीव टांगणीला लागलाय. नोकरी गेली तरी चालेल, पण ते उष्टंच असू दे.

*

मॅडमनी आत बोलावलं. "मधला द्रव कोरा आला," म्हणाल्या, "तरी तुकडा पुन्हा दिसला. तो तुझ्या बाबांचाच आहे रे." मग खुर्ची पुढे केली आणि चहा मागवला.

तुकडा जड म्हणजे प्रथिनाच्या घडणीतच खोट, आणि ही खोट जन्मजात असते, ताई. आईबापाकडून येते. आपल्या दोघांतही प्रत्येकाला ती आलेली असायची शक्यता निम्मी. पुढे हृदयाला धरते, पण बऱ्याच जणांत सुरुवात हातापायांच्या मुंग्यांनी होते. आता औषध आहे, लवकर सुरू केलं तर ती रोखून धरतं. माझं रक्त मी आत्ताच तपासायला दिलं. तू सुया खाली ठेव आणि मिळेल त्या गाडीने निघ. बाबांना डॉक्टर सांगतील. तुला मीच सांगायला हवं होतं, आणि फोनवर माझ्याच्याने झालं नसतं. फार भीती वाटतेय गं.

बाबांवर कोण गेलंय म्हणून लहानपणी आपण भांडायचो. नाक, कपाळ, चालण्याची ढब, सगळं दाखवून दरवेळी तूच जिंकायचीस. या वेळी तू हर.

तुझा,
धाकटा