सुमीची शाळा आता दुपारी

मंगळवार, जुलै १९७४

आज सुमीच्या सकाळच्या शाळेतल्या त्या बाईची जिरली. मले मोठी खुशी झाली, खोटं काहून लिहू?

माही नात सुमी चौदा वर्षांची. रात्री पडली तरी तिले झोप येत नाही, अन् सकाळी सातच्या शाळेत पेंगते. काल वहीवरच झोपली, गालावर शाईचा डाग घेऊन घरी आली. वरून बाईची चिठ्ठी, पोरगी मठ्ठ आहे. माहा पोरगा शंकर, म्हणजे तिचा बाप, म्हणे, "शाळेतून काढू, घरच्या मागावर लुगडे विणायले बसवू." बाप हाये का वैरी?

माहा भाऊही रात्रभर जागे, त्यालेही सारे घुबड म्हणत. पुढं गिरणीत रातपाळीचा मुकादम झाला तो!

मी लकडगंजपर्यंत पायी गेली शाळेत. बाईले म्हणलं, "पोरीले गणित दुपारी विचारा."

"आजी, तुमच्यासाठी शाळा बदलू का?"

"विचारा त वं माय, भेता काहून?"

हे शाळेच्या मोठ्या बाईंनी, हेडबाईंनी, ऐकलं, अन् दुपारी सुमीले फळ्यापाशी उभं केलं. डाग धुऊनही गेला नव्हता, पण तिन्ही गणितं बरोबर! दुपारच्या पाळीत नाव घातलं. सकाळची बाई म्हणे, "नुसते लाड." तुह्या पोटात काहून दुखते?

मी जास्त बोलली का? बोलली त बोलली.

शंकर जेवताना म्हणे, "मंग सकाळी मागावर बसन सुमी."

म्हणलं, "सकाळी झोपन सुमी. माग तू चालव."

त्यानं दुसऱ्यांदा भात मागितला, मी वाढला नाही.