पान नऊवरचे बैल

सोम. ३ फेब्रु. ९७
प्रुफं आली. पान नऊ उघडलं, चहा तसाच राहिला. समुद्रकाठी ग्रीक वीर देवापुढे नारळ फोडतायत. मी बैल लिहिलेत. माना मागे वळवून कापलेले, सोललेले, मांडीची हाडं चरबीच्या दुहेरी थरात गुंडाळून जाळलेली. क्रमसुद्धा मूळचाच. अकरा वर्षं, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या पाळ्या सांभाळून, थेट ग्रीकवरून केलेला ट्रॉयच्या युद्धकाव्याचा अनुवाद. आणि वाचनालयाने छापायला घेतला म्हणून मला न विचारता... त्या अख्ख्या किनाऱ्यावर नारळाचं एक झाड दाखवा म्हणावं.

मंगळ. ४
वाचनालयात गेलो. कार्यवाह दातार खुर्चीतून उठलेही नाहीत. "अहो कुलकर्णी, पाडव्याला प्रकाशन. पान नऊवर कत्तलखाना कशाला? भाव तोच राहतो ना?"
मग रथांच्या जागी टांगे घाला. भाल्यांच्या जागी छत्र्या.
वर हे: "तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकलात हो ग्रीक?" जुन्या बाजारातल्या, कव्हर नसलेल्या व्याकरणावर शिकलो. दातारांना त्यातलं एक क्रियापद चालवून दाखवू दे.
सोमवारपर्यंत कळवायचं. नारळ, नाहीतर छपाई बंद.
घरी सुमन: "नारळ तर नारळ. छापून तर येईल." जेवून उठलो.

गुरु. ६
पत्र लिहिलं. हस्तलिखित परत करावे. तीन ओळी. चौथी खोडली. ती चांगली होती.

शुक्र. ७
पहिली पाळी. चहाला गावीत. पेठकडचा, बॉयलरवर चौदा वर्षं माझ्याबरोबर. रागारागात त्याला पान नऊ वाचून दाखवलं, माझं, बैलांचं. वाटलं, हा तरी मान डोलवेल.
"साहेब, चरबी गुंडाळतील कशी? ती तर हातात तुटते."
"मुळात तसंच आहे."
"मुळात जाळी असंल. पोटावर चरबीची पांढरी जाळी असते, वलनीवरच्या लुगड्यासारखी. ती दुमडून गुंडाळतात. तुमी बोकड कापलेला पाह्यला हाय का कदी?"
नाही.
"मग अकरा वर्सं काय केलं?" आणि हसला. बाकीचेही हसले.
पान घडी करून खिशात टाकलं.

शनि. ८
कोश पुन्हा काढला. चरबीच्या त्या शब्दाला अर्थ दोन. दुसरा जाळीचाच. मी पहिल्यावर थांबलो होतो. पेन्सिलने खूणही केलेली, माझ्याच हाताने, नव्वद साली. गावीतवर चिडायला जागा नाही, म्हणून जास्त...

रवि. ९
दातारांच्या घरी. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दुरुस्त पान नऊ: बैल परत, चरबीचा थर खोडून जाळी. दोन्ही टेबलावर ठेवली. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला.
"म्हणजे चूक तुमचीही होती. मग आमच्या नारळावर एवढं काय चिडलात?"
"मी बैल चुकीचा सोलला. तुम्ही बैलच पळवलात."
"उद्या समितीपुढे ठेवतो," म्हणाले. कुठला कागद, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
गावीतच्या गावी पुढच्या रविवारी गावदेवीला बोकड आहे. "या, बघा एकदा," म्हणतो. पेठची पहिली एसटी सहाला. सुमनला अजून सांगितलेलं नाही. पुस्तक निघो न निघो, जाळी दुमडतात कशी ते डोळ्यांनी बघायचंय.