लंगोटाची शपथ आणि दवाखान्याची सुई

चि. तम्मा सिद्धाप्पास,

कोल्हापुराहून तुझ्या थोरल्या बहिणीचा, मल्लव्वाक्काचा आशीर्वाद. गुडघं कसं हायत? दात नवीन बसवलेस म्हणं, आता तरी चारचौघांत हसत जा. फोनवर तुला ऐकू येत न्हाय आणि बाकी गल्लीला येतंय, म्हणून नातसून भूमिकेकडनं लिहून घेतीया.

विषय पाळणा थांबवायचा. दुसऱ्या बाळंतपणात भूमिकेला रक्त चढवलं. तिसरं झेपायचं न्हाय, असं डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलंय. (हे लिहिताना ती लाजतीया. म्हटलं, लिही गं, लाजून पोरं थांबत न्हाईत.) तांबी बसवली तर अंगावरनं जायचं थांबंना, गोळ्या घेतल्या तर डोकं ठणकायला लागलं. मग बाई म्हणाल्या, नवऱ्याची नसबंदी करा, टाका न्हाय, त्याच दिवशी घरी. झालं! आमचा नातू मृत्युंजय, तालमीत दोन-दोन गडी अंगावर घेणारा, सुईचं नाव ऐकून खुर्चीतच घसरला. "आज्जी, ताकद जातीया की!" म्हटलं, "अरं, नस कापत्यात, मान न्हाय." त्याची आई म्हणाली, माझ्या लेकाला कशाला, हिचंच ऑपरेशन करा. (बाईच्या पोटावर सुरी चालायची म्हटली की घरात सगळीच शूर.)

शेवटी पठ्ठ्यानं आपलाच उपाय काढला. कुस्तीआधी पैलवान ब्रह्मचर्य पाळत्यात तसं मारुतीपुढं लंगोट ठेवून शपथ घेतली आणि वळकटी उचलून तालमीत झोपायला गेला. गल्लीनं पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. पण दूध घरचंच लागतंय. दूध प्यायला यायचा, पेला विसळायला म्हणून आत जायचा, तो सकाळीच बाहेर! (जन्मात पेला विसळला न्हाय त्यानं.) मग भूमिकेची पाळी लांबली. पोरगी भिंतीला टेकून बसली, जेवण सुटलं. हा म्हणतोय, मारुती परीक्षा बघतोय. पाळी आली तेव्हा मी गल्लीत साखर वाटली. बारशाला पण एवढी वाटली नव्हती.

बाकी सगळं क्षेम. वहिनीला, तब्येतीला जप म्हणावं.

तुझी आक्का
(अंगठा उठवलाय, दोनदा वाचून घेतल्यावर)

ता. क. तिसऱ्या पोरानंतर तू हीच नसबंदी करून घेतलीस आणि त्यानंतरच नेसरीच्या मैदानात गदा जिंकलीस, हे मृत्युंजयाला सांगितलं. म्हणतोय, आज्जी थापा मारतीया. तर सोमवारी येऊन तुझ्या तोंडानं सांग. पैलवानाचं तेवढं ऐकतोय तो.

पुन्हा ता. क. लाज वाटत असंल तर वाटू दे. तालमीत मी कालच सगळ्यांना सांगून आलीया. तू न्हाय आलास तर मी खोटी ठरायची न्हाय, भित्रा तू ठरशील.